अंगाखालचे अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. या म्हणीत खर्चाचा हिशेब आहे, संसाराचे शहाणपण आहे. परंतु मुळात अंथरूण कसे असावे, याविषयी ती अवाक्षर काढीत नाही. जे असेल त्यात भागवा, एवढाच तिचा उपदेश. घरी पलंग आणि गादी असेपर्यंत हा उपदेश पुरतो. परंतु ज्याला पायी चालावयाचे आहे, दिवसभराच्या चालीनंतर मिळेल त्या ओसरीत पाठ टेकावयाची आहे आणि पहाटे उठून तेच अंथरूण पाठीवर घेऊन पुन्हा वाटेला लागावयाचे आहे, त्याने काय करावे? पाठीवर हलके आणि पाठीखाली उबदार असे अंथरूण कोणते? हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या मागे लागला आहे. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. आम्हांसही एके काळी तो तसाच वाटत होता, आणि त्या समजुतीची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याच एका जीवाने मोजली. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु तिच्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आमचे बालपण धारला गेले. वडील सरकारी नोकरीत होते. फिरतीचे काम असल्यामुळे घरात खाकी कॅनव्हासचा एक भला मोठा होल्डॉल असे. आमच्या माळव्यातील हिंदी शेजारी त्याला ‘बिस्तरबंद’ म्हणत आणि आमची आजी त्याला शेवटपर्यंत ‘वळकटी’च म्हणत राहिली. त्यात कापसाची पातळ गादी, सतरंजी, उशी, रजई, चादर, शिवाय जागा उरलीच तर वडिलांच्या वहाणा आणि दाढीचे सामान एवढे सगळे मावे. आणि मग दोन पट्टे आवळून त्याची जी गुंडाळी होई, ती हमालावाचून जागची हलत नसे. होल्डॉल हे आगगाडीच्या आणि हमालाच्या युगाचे अंथरूण. स्वतःच्या पाठीवर ते वाहून नेण्याची कल्पना त्याच्या निर्मात्यांच्या मनात कधी आलीच नसावी.

पायी चालणाऱ्याचे अंथरूण निराळे. वारकऱ्याची ‘पथारी’ हा शब्दच पाहावा. तो ‘प्रस्तर’ या संस्कृत शब्दाशी नाते सांगतो. आणि मौज अशी, की संस्कृतात प्रस्तर म्हणजे निजण्यासाठी पसरलेला पालापाचोळाही आणि दगडही. दगडावर पाला पसरला की पथारी झाली! ‘अंथरूण’ हा शब्ददेखील ‘आस्तरण’ म्हणजे पसरणे, झाकणे यातूनच आला. म्हणजे भाषेच्या लेखी अंथरूण म्हणजे गादी नव्हे. जमीन आणि देह यांच्यामध्ये काहीतरी पसरणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठीत एम्.ए. करून उभे आयुष्य हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तरास असल्या व्युत्पत्तींचा नाद असतो. शाळेत तो भागत नाही, म्हणून तो या पानांवर भागवून घेतो. वाचक क्षमा करतील. परंतु हा अर्थ आम्हांस ठाऊक असूनही वेळेवर आठवला नाही, हेच तर सांगावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. आमच्या शाळेतील मुलांचे पदभ्रमण शिबिर ठरले होते. बाघहून निघून टांड्याच्या बाजूच्या डोंगरांतून दोन दिवस चालावयाचे, एक रात्र वाटेतील एका प्राथमिक शाळेच्या ओसरीत काढावयाची, असा बेत होता. मुले नववी-दहावीची, बहुतेक भिल्ल आणि भिलाला कुटुंबांतील, चालण्यात आम्हांस सहज मागे टाकणारी. सन २०२० मध्ये शाळेच्या दप्तराविषयीचे राष्ट्रीय धोरण आले. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे त्यात सांगितले आहे. नियम चांगला आहे. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही तो शाळेत कटाक्षाने पाळतो. शिबिरालाही तोच लावावा, असे आमच्या मनाने घेतले. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ताणकाटा घेऊन पटांगणात उभे राहिलो आणि एकेका मुलाचे गाठोडे काट्याला अडकवून पाहू लागलो.

नववीतील एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. त्याचे गाठोडे नियमापेक्षा दीड किलोने जड भरले. सोडून पाहिले, तो आत दोन गोणपाटे एकमेकांस जोडून, मध्ये जुन्या लुगड्यांच्या चिंध्या भरून, वरून उभे-आडवे टाके घालून शिवलेले एक जाडजूड अंथरूण निघाले. त्याच्या आईने ते शिवले होते. आम्ही म्हणालो, “हे कशाला? हे येथेच ठेव.” आणि आपण किती उदार आहोत या समाधानात शाळेच्या सामानातील एक हलके कांबळे अंगावर घेण्यासाठी त्यास अधिकचे देवविले. मुलाने एकदा आमच्याकडे आणि एकदा त्या गोणपाटाकडे पाहिले. मग काही न बोलता त्याने त्याची घडी करून ते शिपायाच्या हाती दिले. मुख्याध्यापकापुढे नववीतील मुलाने बोलावयाचे असते, हे आपण त्यांस शिकवितो कोठे?

शिबिराच्या आधी दोन दिवस मावठा पडून गेला होता. ओसरीला कोटा दगडाची फरशी होती. दिवसभर उन्हात चाललेली मुले जेवून निजली. आम्हीही एका पातळ चादरीवर आडवे झालो आणि अंगावर दोन कांबळी ओढली. मध्यरात्रीपर्यंत डोळ्यास डोळा लागेना. वरून घाम येईल इतके पांघरूण होते आणि पाठ, कंबर, खांदे मात्र बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखे झाले होते. दोनच्या सुमारास आम्ही उठलो. तो मुलगा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही कांबळी अंगाखाली दुमडून त्यांवर बसला होता. आम्ही विचारले, निजला का नाहीस? तो म्हणाला, “सर, ठंड ऊपर से नहीं लगती. नीचे से लगती है.”

सकाळी तो तापला होता. शिबिर अर्धवट सोडून आम्ही जीप बोलावली. ताप पुढे दहा दिवस टिकला, छातीत कफ झाला, रुग्णालयात ठेवावे लागले. आई मजुरी सोडून त्याच्या उशाशी बसली. मुलगा पूर्ण बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो. परंतु तो घरी गेल्यावर त्याचे वडील शाळेत आले. आम्ही मनातल्या मनात उत्तरे जुळवीत होतो; ते तक्रार करतील, रागावतील, आणि रागावले तर बरेच, असे वाटत होते. ते दारातच हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “साहब, लड़के के कारण आपको तकलीफ हुई.” आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढे खजील आम्ही कधी झालो नव्हतो. चौकशी झाली असती तर आम्ही नियम दाखविला असता. त्या जोडलेल्या हातांपुढे दाखविण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

त्यानंतर आम्ही अंथरुणाच्या मागे लागलो. पश्चात्ताप हा शब्द मोठा आहे. एवढेच म्हणतो, की जे आधी शिकावयास हवे होते, ते नंतर शिकलो.

शाळेतील विज्ञानशिक्षकांस आम्ही आमची शंका सांगितली. त्यांनी व्याख्यान दिले नाही, प्रयोग मांडला. एकाच मापाच्या पाच स्टीलच्या बाटल्या घेतल्या, त्यांत सारखेच ऊन पाणी भरले आणि थंडीच्या पहाटे त्या प्रयोगशाळेच्या दगडी फरशीवर आडव्या ठेवल्या. एक नुसत्या दगडावर, दुसरी प्लॅस्टिकच्या कागदावर, तिसरी कांबळ्याच्या घडीवर, चौथी तशाच शिवलेल्या गोणपाटावर आणि पाचवी यंत्रसामग्रीच्या खोक्यातून आलेल्या पांढऱ्या फोमच्या तुकड्यावर. प्रत्येक बाटलीवर एकेक वीट ठेवली, म्हणजे माणसाच्या भाराने अंथरूण दबते तसे ते दबावे. आणि वरून सर्वांवर एकच रजई पसरली. तासाभराने तापमापक लावून पाहिले. नुसत्या दगडावरची बाटली आणि प्लॅस्टिकवरची बाटली यांत जवळजवळ फरक नव्हता. विटेखाली चेपलेल्या कांबळ्याने थोडी लाज राखली. गोणपाट त्याच्या बरेच पुढे होते. फोम सर्वांत पुढे.

कारण समजावयास अवघड नाही. ऊब लोकरीत नसते, कापसातही नसते. त्यांच्या धाग्यांमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णतेची वाट अडविते. दगड मात्र हवेच्या मानाने पन्नास ते शंभर पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. अंगावरचे पांघरूण फुगलेले राहते, म्हणून त्यात हवा टिकते. अंगाखाली गेलेले तेच पांघरूण आपल्या भाराने चेपते, हवा निघून जाते आणि मग त्याचे मोल एखाद्या जाड कापडाएवढेच उरते. म्हणून वर दोन रजया घेऊनही खालून माणूस थिजतो. डोंगरातील माणूस हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. गोणपाटाचा ताग राठ असतो, टाक्यांनी चिंध्या जागच्या जागी राहतात, भाराखाली ते सगळे पूर्णपणे चेपत नाही. त्या माउलीने दीड किलो ओझे मुलाच्या गाठोड्यात उगीच घातले नव्हते. आमच्या ताणकाट्याला वजन कळले. त्या वजनाचे काम कळले नाही.

पुण्यास असलेल्या आमच्या चिरंजिवांस हे लिहिले, तेव्हा त्यांनी सांगितले की पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर तुडविणाऱ्या परदेशी मंडळींनी या विषयाचे शास्त्रच करून ठेवले आहे. अंगाखालच्या चटईला तेथे ‘आर-मूल्य’ देतात. म्हणजे ती उष्णतेस किती अडविते, त्याचा आकडा. आकडा जितका मोठा, तितकी चटई उबदार. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने हा आकडा काढी आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. सन २०१८ मध्ये अमेरिकेतील मानक ठरविणाऱ्या संस्थेने मोजणीची एकच रीत घालून दिली, तेव्हापासून दोन चटयांची तुलना करणे सोपे झाले. उन्हाळ्याच्या रात्रींना एक ते दोन आर-मूल्य पुरते, आपल्याकडील मध्यम थंडीला दोन ते चार असावे, आणि बर्फावर निजावयाचे तर त्याहूनही अधिक लागते. या आकड्यांचा एक गुण आम्हांस फार आवडला: त्यांची बेरीज होते. एकावर एक दोन चटया टाकल्या, तर दोघींचे आकडे मिळवावेत. संसारातही असेच असावयास हवे होते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

बाजारात या चटयांच्या तीन जाती आहेत. पहिली बंद पेशींच्या फोमची. हिच्यातील हवेचे बुडबुडे एकमेकांपासून अलग आणि बंद असतात, म्हणून ही पाणी पीत नाही, फारशी चेपत नाही आणि फाटली तरी निकामी होत नाही. माणसाच्या लांबीची अशी चटई साधारण चारशे ग्रॅम भरते. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीच्या चटईचे आर-मूल्य दीड-दोनच्या घरात येते. दोष एवढाच, की गुंडाळी मोठी होते आणि ती पिशवीच्या बाहेर बांधावी लागते. शिवाय ही गादी नव्हे, खडा असेल तो बोचतो. दुसरी जात आपोआप फुगणारी. हिच्या पोटात स्पंज असतो. तोटी उघडली की स्पंज पसरतो आणि स्वतःच हवा ओढून घेतो. अमेरिकेतील सिएटल येथे बोइंग विमान कारखान्यातून कमी केलेल्या दोन अभियंत्यांनी एका मित्रासह १९७२ साली या चटईचा धंदा उभारला. नोकरी गेल्यावर माणसाला अंथरुणाचा विचार अधिक सुचत असावा. ही आरामदायक असते, पण वजन सातशे ग्रॅमपासून किलोपर्यंत जाते. तिसरी जात केवळ हवेची. तोंडाने किंवा पिशवीने फुंकून भरावयाची, घडी केली तर पाण्याच्या बाटलीएवढी होणारी. उत्तम प्रतीच्या अशा चटईचे वजन चारशे ग्रॅमच्या आत असून आर-मूल्य चाराच्याही वर जाते, कारण आत उष्णता परतविणारे चकाकते पडदे बसविलेले असतात. किंमत मात्र आमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराची आठवण करून देणारी.

चिरंजिवांनी हीच तिसऱ्या जातीची चटई वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. गेल्या डिसेंबरात आम्ही घराच्या ओसरीत तिची परीक्षा घेतली. पहिल्या रात्री राजेशाही झोप लागली. कूस बदलताना चटई कुरकुरे, तेवढेच. दुसऱ्या रात्री दोन वाजता आम्ही थेट जमिनीवर होतो. आमच्या वहाणेत अडकून आलेला बाभळीचा एक काटा आपले काम करून गेला होता. दोष चटईचा नव्हता, आमचा होता. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले, छिद्र सापडले, सोबत आलेले ठिगळ चिकटविले. चटई पूर्ववत झाली. परंतु मनात पाल चुकचुकली. ज्या मुलखात वाट म्हणजे बाभूळ, बोर आणि कराळ खडे, तेथे रात्री दोनला दगा देऊ शकणाऱ्या वस्तूवर विसंबावे काय? स्वच्छ तंबूत निजणाऱ्याने हीच घ्यावी. परदेशी शिकणाऱ्या आपल्या नातवंडांस ती सुखाने घेऊ द्यावी. ओसरीत, धर्मशाळेत, झाडाखाली निजणाऱ्याचे काम निराळे आहे.

आणि आम्हांस तर तसेच निजावयाचे आहे. नर्मदामैया आमच्या गावापासून फार दूर नाही. कुक्षी-मनावरच्या बाजूस थंडीच्या दिवसांत परिक्रमावासी भेटतात. मैयेला उजव्या हाताशी ठेवून, उत्तर तटाने पूर्वेकडे निघालेले. सरदार सरोवराचे पाणी २०१९ साली पूर्ण पातळीला चढल्यावर तटावरची जुनी गावे, घाट आणि पायवाटा बुडाल्या आणि चालणाऱ्यांच्या वाटा वर सरकल्या. तरी चालणे थांबले नाही. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आम्ही पंधराव्या वर्षी वाचली, तेव्हापासून ही हौस मनात आहे. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तटांनी त्याच्या दुपटीहून अधिक चाल. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. सरकारी रजेच्या नियमांत हे बसत नाही. परंतु जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी चालावयास आरंभ केला आणि त्यातून आपली सुंदर पुस्तके लिहिली. तेही शिक्षकच, चित्रकला शिकवीत. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. आणि हेच नंदलालबाबू १९२१ साली आमच्या बाघच्या गुंफांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येथे येऊन राहिले होते. हा धागा आठवला, की आपल्यासही जमेल असा धीर येतो.

गुंफांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाघिनी नदीकाठच्या या बौद्ध विहारांचे काम ग्वाल्हेर संस्थानच्या काळात आपल्याच मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली झाले. दुसऱ्या गुंफेतील मलबा काढताना तेथे एक ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या कलचुरी-चेदी लेखांच्या संग्रहात (१९५५) तो छापला आहे. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने या विहारासाठी एक गाव दान दिल्याची ती नोंद. दान कशासाठी? पूजेची गंध-फुले, पडझडीची दुरुस्ती, आणि चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी वस्त्र, अन्न, आजाऱ्यांची सोय, औषध. आणि त्या यादीत ‘शय्यासन’ हाही शब्द आहे. शय्या आणि आसन! वर्षानुवर्षे आम्ही मुलांस त्या गुंफेत नेऊन हा ताम्रपट सांगत आलो, आणि त्या शब्दावरून सहज पुढे सरकत आलो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाला एवढे कळत होते, की दूरवरून चालत आलेल्या माणसाला दगडाच्या खोलीत छप्पर देऊन भागत नाही, त्याच्या अंगाखाली काहीतरी द्यावे लागते. औषध आणि अंथरूण त्याने एका ओळीत बसविले. आम्हांस त्या ओळीचा अर्थ रुग्णालयाच्या खाटेशी उभे राहिल्यावर कळला.

असो. आता निवडीचे सांगतो; कोणा वाचकास वारीला, परिक्रमेला किंवा गिर्यारोहणाला निघावयाचे असेल तर उपयोगी पडेल. आम्ही इंदूरहून बंद पेशींच्या फोमची साधी चटई आणली. ती खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढीच कापून घेतली, कारण भार पडतो तो खांदे, पाठ आणि ढुंगण यांवर. पायांखाली रिकामी पिशवी घातली की काम भागते. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास आले. तिच्यावर वडिलांची घोंगडी घ्यावी असे फार मनात होते. काट्यावर ती सव्वादोन किलो भरली, तेव्हा तिला नमस्कार करून पेटीत ठेवली. नुसत्या फोमवर अंग चिकटते आणि घामेजते, म्हणून सौ.नी बाघ-छपाईच्या कापडाची खोळ शिवली. येथील खत्री कारागिरांचे हे लाल-काळे ठसे, धावडीच्या फुलांत उकळून बाघिनीच्या पाण्यात धुतलेले. २००८ साली त्यांस भौगोलिक निर्देशनाची सरकारी मान्यता मिळाली. आमच्या चटईला मात्र ती मान्यता सौ.च्या हातून मिळाली. एका कुशीवर निजणाऱ्यांनी चटई थोडी अधिक जाड घ्यावी. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी ओझ्याचा विचार थोडा बाजूस ठेवून फुगणारी घ्यावी, आणि तिच्याखाली पातळ फोम जरूर घालावा, म्हणजे काट्यापासून रक्षण होते आणि उबेचीही बेरीज होते. विकत घेण्यापूर्वी घरच्या फरशीवर एक थंड रात्र काढून पाहावी. दुकानातील पाच मिनिटांत मऊपणा कळतो. गारठा कळावयास पहाटेचे चार वाजावे लागतात.

शाळेसाठी आम्ही फोमचा एक मोठा गठ्ठा आणविला आणि मुलांच्या मापाच्या चटया कापून घेतल्या. यंदाच्या जानेवारीत पुन्हा शिबिर निघाले. ताणकाटा याही वेळी होता. परंतु अंगाखालचे अंथरूण काट्याला लावावयाचे नाही, असा आमचा नवा नियम होता. तो मुलगा आता अकरावीत आहे. चटया कापण्याचे काम आम्ही मुद्दाम त्याच्यावर सोपविले होते. त्याने प्रत्येक मुलास जमिनीवर निजवून खडूने माप घेतले. निघण्याच्या दिवशी त्याचे गाठोडे पाहिले, तर आत शाळेची फोमची चटई होतीच. तिच्याभोवती आईचे ते गोणपाटही गुंडाळलेले होते. आम्ही काही बोललो नाही. तोच हसून म्हणाला, “सर, दोनों जुड़ते हैं न?” विज्ञानशिक्षकांनी वर्गात बेरजेचा नियम सांगितला होता, हे आमच्या ध्यानात आले.

त्या रात्री ओसरी तीच होती, फरशी तीच होती. दोनच्या सुमारास सवयीने जाग आली, तेव्हा आम्ही कंदील घेऊन रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून आलो. सगळी मुले निजली होती. तोही निजला होता. आणि त्याच्या शेजारी, त्याच गोणपाटाच्या अर्ध्या भागावर, आठवीतील एक लहान मुलगा त्याला बिलगून निजला होता, कारण त्या पोराची चटई वाटेत ओढ्यावर विसरली होती. आम्ही परत येऊन आडवे झालो. नर्मदेची वाट आम्ही येत्या दिवाळीच्या सुट्टीत धरणार आहोत.